'झोंबीलँड'चा तिसरा भाग: शक्यता किती, आणि तो कसा असावा?

चित्रवेल्हाळ

'झोंबीलँड' (२००९) आणि 'झोंबीलँड: डबल टॅप' (२०१९) हे दोन्ही विनोदी झोंबीपट ज्यांनी मनापासून पाहिले आहेत, त्यांच्याशी एका प्रश्नावर सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे. तिसरा भाग येण्याची शक्यता खरोखर किती आहे, आणि आलाच तर त्याने कोणती वाट धरावी? दोन्ही कथानकांतल्या महत्त्वाच्या प्रसंगांचा उल्लेख पुढे येणार आहे, त्यामुळे ज्यांनी चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी ते आधी पाहावेत आणि मग इथे यावे, ही विनंती.

प्रथम आजवरची वाटचाल. ऱ्हेट रीस आणि पॉल वर्निक या लेखकद्वयाने ही कल्पना मुळात दूरचित्रवाणी मालिकेसाठी रचली होती. पुढे तिचा चित्रपट झाला आणि रुबेन फ्लायशर यांनी त्यातून कथापटांच्या दिग्दर्शनात पदार्पण केले. वुडी हॅरेलसन (टॅलाहॅसी), जेसी आयझेनबर्ग (निवेदक कोलंबस), एमा स्टोन (विचिटा) आणि ॲबिगेल ब्रेस्लिन (विचिटाची धाकटी बहीण लिटल रॉक) या चौघांना घेऊन केलेला हा चित्रपट इतका चालला की दुसऱ्या भागाची चर्चा त्याच वर्षी सुरू झाली. प्रत्यक्षात तो यायला मात्र १० वर्षे लागली. मधल्या काळात लेखकद्वय 'डेडपूल'मध्ये गुंतले, दिग्दर्शक 'व्हेनम'पर्यंत पोहोचले, आयझेनबर्ग यांना 'द सोशल नेटवर्क'साठी ऑस्करचे नामांकन मिळाले आणि स्टोन यांनी 'ला ला लँड'साठी ऑस्कर पटकावले. २००९ मध्ये जे कलाकार सहज एकत्र आले होते, त्यांना २०१९ मध्ये एकत्र आणणे हेच निर्मितीतले सर्वांत अवघड काम होऊन बसले होते.

तिसऱ्या भागाची तारीख जाहीर झालेली नाही. दुसरा भाग प्रदर्शित झाला त्या सुमारास दर १० वर्षांनी एक चित्रपट करावा, ही कल्पना कलाकारांनी आणि दिग्दर्शकांनी मुलाखतींतून बोलून दाखवली होती. ती मनावर घेतली तर पुढच्या भागाचे वर्ष २०२९ येते. अनेकांना हे केवळ प्रसिद्धीपुरते बोलणे वाटते, परंतु मला त्यात बराच अर्थ दिसतो. दोन भागांमधले १० वर्षांचे अंतर आधी ठरवलेले नव्हते, ते अडचणींतून पडले. तरीही या मालिकेला इतर झोंबीपटांपासून वेगळे करणारे वैशिष्ट्य आता तेच झाले आहे. बहुतेक विनोदी मालिका यश मिळताच दोन-तीन वर्षांत पुढचा भाग उरकतात. इथे मात्र तेच चार चेहरे आपल्यासमोर वयाने वाढले आहेत.

माझे म्हणणे असे, की तिसऱ्या भागाचे भवितव्य तिकीटविक्रीपेक्षा या सहा-सात जणांच्या परस्परसंबंधांवर आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही उरले आहे का यावर अवलंबून आहे. संबंधांच्या बाबतीत मी आशावादी आहे. आयझेनबर्ग यांनी लिहिलेल्या आणि दिग्दर्शित केलेल्या 'अ रिअल पेन' (२०२४) या चित्रपटाच्या निर्मात्यांमध्ये एमा स्टोन होत्या. हॅरेलसन आणि आयझेनबर्ग 'नाऊ यू सी मी' मालिकेत वर्षानुवर्षे एकत्र काम करत आले आहेत, आणि त्या मालिकेचा २०२५ मध्ये आलेला तिसरा भाग तर फ्लायशर यांनीच दिग्दर्शित केला. एकमेकांचे तोंड पाहायला नको म्हणून अडलेल्या पुढच्या भागांची उदाहरणे चित्रपटसृष्टीत पुष्कळ आहेत. इथे ती अडचण नाही.

प्रश्न उरतो तो कथेचा. पहिल्या भागात सर्वांत ठसणारा प्रसंग कोणता, असे विचाराल तर मी अभिनेते बिल मरे यांच्या बंगल्यातला मोनोपोलीचा डाव सांगेन. चौघे खऱ्या नोटा घेऊन खेळत आहेत, कारण आता त्या नोटांना खेळातल्या कागदाइतकीच किंमत आहे. तोवर टॅलाहॅसी आपल्या मेलेल्या कुत्र्याच्या पिल्लाबद्दल बोलत आला आहे, असा कोलंबसचा आणि आपलाही समज असतो. त्या डावाच्या वेळी लक्षात येते की तो ज्याच्याबद्दल बोलत होता तो त्याचा लहान मुलगा होता. टॅलाहॅसी रडतो आणि हातातल्या नोटांनीच डोळे पुसतो. हसू पुरते मावळलेले नसताना दुःख समोर उभे राहते, आणि त्यानंतर त्या माणसाचा प्रत्येक अचाट पराक्रम वेगळा दिसू लागतो. दुसरा भाग मला आवडला, परंतु त्यात या तोलाचा एकही प्रसंग नाही. तिसऱ्या भागाने हे ऋण फेडावे, अशी माझी अपेक्षा आहे.

आपणा सर्वांची मते सविस्तर वाचायला आवडतील.

तिकीटबारी

धाग्याबद्दल आभार. संबंधांचा मुद्दा मान्य आहे, परंतु आकडे बाजूला ठेवून स्टुडिओ निर्णय घेत नाही, म्हणून ते मांडतो.

पहिल्या भागाचा निर्मितीखर्च सुमारे २ कोटी ३६ लाख डॉलर होता आणि जगभरातली कमाई १० कोटी २० लाखांच्या आसपास झाली. दुसऱ्या भागाला ४ कोटी २० लाख ते ४ कोटी ८० लाख डॉलर खर्च आला आणि कमाई १२ कोटी २० लाखांच्या पुढे गेली. वरवर पाहता ही वाढ आहे. परंतु चित्रपटगृहे तिकिटाच्या रकमेतला साधारण निम्मा वाटा स्वतःकडे ठेवतात, आणि प्रसिद्धीचा खर्च निर्मितीखर्चात धरलेला नसतो. हे दोन्ही लक्षात घेतले तर पहिल्या भागाने स्टुडिओला घसघशीत नफा दिला आणि दुसऱ्याला नफ्यात येण्यासाठी चित्रपटगृहांबाहेरच्या हक्कविक्रीवर बरेच अवलंबून राहावे लागले असणार, असा निष्कर्ष निघतो.

याहून बोलका आकडा अमेरिकेतल्या प्रेक्षकसंख्येचा आहे. तिथे पहिल्या भागाने सुमारे ७ कोटी ५६ लाख डॉलर मिळवले आणि दुसऱ्याने सुमारे ७ कोटी ३१ लाख, म्हणजे जवळपास सारखेच. मात्र २००९ मध्ये तिथल्या तिकिटाची सरासरी किंमत साडेसात डॉलर होती आणि २०१९ मध्ये ती ९ डॉलर १६ सेंटवर गेली होती. भागाकार केला तर पहिल्या वेळी अंदाजे १ कोटी तिकिटे विकली गेली आणि दुसऱ्या वेळी ८० लाख. दहा वर्षांत दर पाच प्रेक्षकांमागे एक कमी झाला. याउलट अमेरिकेबाहेरची कमाई पावणेतीन कोटींच्या आसपास होती, ती पाच कोटींजवळ पोहोचली, म्हणजे घरच्या बाजारातली घट बाहेरच्या बाजाराने भरून काढली.

दुसऱ्या भागाच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तो ज्या आठवड्यात आला त्याच आठवड्यात 'मॅलेफिसंट'चा दुसरा भाग प्रदर्शित झाला आणि 'जोकर' अजून जोरात चालत होता. त्या गर्दीत तिसऱ्या क्रमांकावर राहूनही पहिल्या तीन दिवसांत २ कोटी ६० लाखांच्या वर कमाई करणे वाईट नाही.

तेव्हा स्टुडिओच्या दृष्टीने तिसरा भाग अशक्य नाही, पण अटी बदलल्या आहेत. खर्च साडेचार कोटींच्या घरात राहिला तर विचार होईल. चौघांची आजची मानधने आणि आणखी मोठी दृश्ये असे दोन्ही हवे असेल, तर गणित जुळणार नाही.

निशाचर

मी थोडे वेगळे मत मांडतो. तिसरा भाग येऊ शकतो की नाही यापेक्षा तो यावा का, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि माझे उत्तर तूर्त नकारार्थी आहे.

पहिला 'झोंबीलँड' आला तेव्हा पडद्यावर झोंबींची आजच्यासारखी दाटी झालेली नव्हती. 'द वॉकिंग डेड' ही मालिका त्यानंतर वर्षभराने, २०१० मध्ये सुरू झाली आणि २०२२ पर्यंत चालली. मधल्या काळात या प्रकाराच्या सर्व शक्यता इतक्या वेळा हाताळल्या गेल्या, की त्यांची थट्टा करणे हेही जुने झाले. जीव वाचवण्यासाठी कोलंबसने स्वतःपुरते केलेले नियम सांगण्याची पहिल्या भागातली योजना पाहा. आसनपट्टा बांधावा, हा नियम ज्या प्रसंगातून येतो त्यात राजकन्येचा पोशाख घातलेल्या लहान मुली एका बाईच्या मागे लागतात. ती कशीबशी मोटार गाठून निसटते, आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि पुढच्या क्षणी मोटार आदळून ती समोरच्या काचेतून बाहेर फेकली जाते. झोंबींपासून वाचलेला माणूस अगदी सामान्य निष्काळजीपणामुळे मरतो, हा विनोद त्या वेळी ताजा होता. नियमांची अक्षरे दृश्यातल्याच वस्तूंसारखी पडद्यावर उमटतात आणि कधी कधी त्यांच्यावर रक्तही उडते. दुसऱ्या भागात ही सारी योजना पुन्हा दिसली तेव्हा तिच्यात ओळखीचा आनंद होता, पण शोधाचा नव्हता. तिसऱ्या वेळी तर तो केवळ रिवाज होईल.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. 'डबल टॅप' ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यानंतर काही महिन्यांतच सारे जग खऱ्याखुऱ्या साथीत सापडले. ओस पडलेले रस्ते, रिकामी दुकाने, परक्या माणसाच्या जवळ जाण्याची भीती, हे सगळे आपण त्यानंतर अनुभवले आहे आणि अनेकांनी जिवलग माणसे गमावली आहेत. या मालिकेतले जग एका साथीमुळेच उद्ध्वस्त झालेले आहे. पहिल्या भागात तिचे मूळ गुरांच्या मेंदूरोगाशी जोडलेले आहे. निर्मनुष्य जगात मोकाट हिंडण्याची जी मौज २००९ मध्ये निर्भेळ वाटली, ती तशीच्या तशी पुन्हा वाटणार नाही. लेखकांनी हे ओळखले नाही तर चित्रपट बेफिकीर वाटेल, आणि ओळखून फार गंभीर झाले तर तो 'झोंबीलँड' राहणार नाही.

संवादिनी

निशाचर यांचा दुसरा मुद्दा फार मोलाचा आहे, परंतु माझ्या मते तोच तिसऱ्या भागासाठी सर्वांत चांगले कारण ठरू शकतो.

लिटल रॉक या पात्राचा विचार करा. ॲबिगेल ब्रेस्लिन यांचा जन्म एप्रिल १९९६ चा, म्हणजे पहिला भाग प्रदर्शित झाला तेव्हा त्या १३ वर्षांच्या होत्या. त्यांचे पात्र त्याहून लहान वयात जग हरवून बसले आहे. बाकीच्या तिघांना आधीचे आयुष्य आठवते. टॅलाहॅसीला ट्विंकी या क्रीमभरल्या छोट्या केकचा हव्यास आहे तो त्या आठवणीपायीच. कोलंबसची भित्री शिस्त आणि विचिटाचा कोणावरही विश्वास न ठेवण्याचा स्वभाव हेदेखील आधीच्या जगात घडलेले आहेत. लिटल रॉक मात्र या मोडक्या जगातच वाढली. २०२९ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रेस्लिन ३३ वर्षांच्या असतील, आणि पहिल्या भागाच्या चित्रीकरणाच्या वेळी आयझेनबर्ग २५ वर्षांचे होते. म्हणजे ज्या मुलीला सगळे सांभाळत होते, ती आता त्या वेळच्या कोलंबसपेक्षाही मोठी झालेली असेल.

दुसऱ्या भागाने तिच्यावर अन्याय केला, असे माझे स्पष्ट मत आहे. ती घर सोडते, कारण तिला आपल्या वयाच्या माणसांची सोबत हवी असते. ही अगदी खरी, हृदयाला भिडणारी गरज आहे. पण तिचे निघून जाणे हे बाकीच्या तिघांच्या प्रवासाचे निमित्त होऊन राहते, आणि ती स्वतः पटकथेच्या कडेला पडते. बॅबिलॉन या वस्तीत पोहोचल्यावर तिला काय मिळते? तिथली तरुण माणसे शस्त्रे वितळवून त्यांची शांतिचिन्हे करतात. ज्या मुलीचे सारे बालपण बंदूक हातात घेऊन गेले, तिला ती दाराशी ठेवताना काय वाटले असेल? मोकळे वाटले असेल, की उघडे पडल्यासारखे? पटकथा तिथे थांबत नाही. ती वस्तीची गंमत करते आणि पुढे सरकते.

म्हणून तिसरा भाग लिटल रॉकने सांगावा. निवेदन तिचे असावे आणि नियमही तिचेच. कोलंबसचे नियम जीव वाचवण्याचे होते. तिचे नियम माणसांबरोबर राहण्याचे असतील, कारण झोंबींना कसे मारायचे हे तिला लहानपणापासून येते. तिला येत नाही ते अनोळखी माणसाशी मैत्री करणे आणि रागावलेल्या माणसाबरोबर एकाच घरात राहणे. एकान्तवासातून बाहेर पडून पुन्हा माणसांत मिसळताना आपल्यापैकी अनेकांना जे अवघडलेपण आले, ते या पात्राइतके नेमके कोण दाखवू शकेल? यात विनोदाला भरपूर जागा आहे आणि बेफिकिरीचा धोका नाही.

चित्रवेल्हाळ

संवादिनी, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. निवेदक बदलण्याची कल्पना मला पूर्णपणे पटली. तिच्यामुळे निशाचर यांनी सांगितलेली रिवाजाची अडचणही बरीचशी सुटते, कारण नियमांची चौकट तीच राहून आतला आवाज बदलेल.

यात टॅलाहॅसीचे स्थान काय असावे, हे ठरवावे लागेल. २०२९ मध्ये हॅरेलसन ६८ वर्षांचे असतील. दोन्ही भागांत या पात्राचा कस शरीराने लागतो. पहिल्या भागाच्या शेवटी तो जत्रेतल्या दुकानासारख्या खोक्यात स्वतःला कोंडून घेतो आणि चहूबाजूंनी येणाऱ्या झोंबींवर गोळ्या झाडत राहतो. तोच पराक्रम पुन्हा करायला लावण्यापेक्षा, जो माणूस मुलगा गमावून बसला आणि नंतर एका परक्या मुलीचा जवळजवळ बाप झाला, त्याने तिला मोठी झालेली पाहणे, तिचा निर्णय न पटताही मान्य करणे, यात अधिक नाट्य आहे. दुसऱ्या भागात त्यांच्या या नात्याची सुरुवात झालेली आहे. त्याची तिच्यावरची काळजी तिला जाचते, हे तिथे नीट दिसते. पुढचा टप्पा मात्र कोणीतरी लिहायला हवा.

श्रेयनामावली

चर्चेत एक गोष्ट राहून गेली आहे, ती नोंदवतो. याच कल्पनेवर २०१३ मध्ये ॲमेझॉनने दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग करून पाहिला होता. पात्रे तीच होती आणि लेखकही तेच, पण कलाकार सगळे वेगळे. प्रेक्षकांनी तो इतका नाकारला की मालिका तिथेच थांबली, आणि चाहत्यांच्या रोषामुळे ती बंद पडल्याचे रीस यांनी उघडपणे सांगितले. तेव्हा या चौघांऐवजी दुसरे कोणी घेऊन, किंवा त्यांना केवळ पाहुणे म्हणून दाखवून, पुढचा भाग करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल, तर त्याचे उत्तर आधीच मिळालेले आहे. लिटल रॉक निवेदक असावी हे मलाही पटते, पण बाकीचे तिघे पूर्ण चित्रपटभर सोबत हवेत.

बिल मरे यांच्याबद्दलही बोलायला हवे. पहिल्या भागातली ती भूमिका आधी अभिनेते पॅट्रिक स्वेझी यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली होती. नंतर मरे आले, स्वतःच्याच नावाने वावरले आणि झोंबीचे सोंग घेतल्यामुळे कोलंबसच्या गोळीला बळी पडले. दुसऱ्या भागात श्रेयनामावली सुरू झाल्यावर ते पुन्हा दिसतात, परंतु तो प्रसंग साथीच्या पहिल्या दिवसाचा आहे. 'गारफील्ड'च्या तिसऱ्या भागाच्या प्रसिद्धीसाठी मुलाखती देत असताना त्यांच्या अवतीभवती माणसे झोंबी होऊ लागतात. मृत पात्राला परत आणण्याची ही युक्ती चतुर होती आणि एकदाच शोभणारी होती. तिसऱ्या भागात तिच्या मोहात पडू नये. त्याऐवजी झोई डॉइच यांनी साकारलेली मॅडिसन परत यावी, कारण दुसऱ्या भागातला सर्वांत ताजा विनोद तिचाच होता. ओसाड व्यापारसंकुलातल्या शीतगृहात जीव वाचवून राहिलेली ही मुलगी आधी निव्वळ मूर्ख वाटते, पण या जगात जे तिघांना जमले नाही ते तिला जमलेले असते. तिच्यात कडवटपणा आलेला नाही. संवादिनी म्हणतात तशा माणसांबरोबर राहण्याच्या नियमांमध्ये मॅडिसनकडून शिकण्यासारखे पुष्कळ असेल.

निशाचर

मॅडिसनबद्दल पूर्ण सहमत. दुसऱ्या भागातले रोझारिओ डॉसन यांचे नेव्हाडा हे पात्रही परत हवे.

संवादिनी यांच्या मांडणीमुळे माझा विरोध सौम्य झाला आहे, पण संपलेला नाही. आपण सगळे जो चित्रपट मनात रचत आहोत, तो शांत, पात्रांवर भर देणारा आणि तुलनेने लहान आहे. स्टुडिओला मात्र तिसरा भाग म्हटले की अधिक झोंबी, अधिक स्फोट आणि झोंबींच्या अधिक जाती हव्या असतील. दुसऱ्या भागातच मंद, हुशार, चपळ आणि मरता न मरणारे असे प्रकार आले होते. त्यांतल्या पहिल्या दोन प्रकारांवरचा विनोद चांगला होता, पण अखेरच्या संघर्षात केवळ संख्या आणि ताकद वाढवण्यासाठी ते वापरले गेले. त्याच चित्रपटात विश्रामगृहातली मारामारी पाहा. कॅमेरा जणू न थांबता या खोलीतून त्या खोलीत फिरतो, मोजकीच माणसे आहेत, जागा अपुरी आहे, आणि कोण कोणाच्या मागे आहे हे आपल्याला प्रत्येक क्षणी कळते. बॅबिलॉनच्या मनोऱ्याभोवतीच्या हजारो झोंबींपेक्षा तो प्रसंग कितीतरी अधिक थरारक आहे. दिग्दर्शक हे करू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले आहे. त्यांना ते करू दिले जाईल का, हा प्रश्न आहे.

तिकीटबारी

निशाचर यांच्या शंकेला आकड्यांचे उत्तर देता येते, आणि ते काहीसे आशादायक आहे. 'झोंबीलँड' ज्या स्टुडिओचा, त्या सोनीनेच २०२५ मध्ये '२८ इयर्स लेटर' प्रदर्शित केला. त्या मालिकेचा आधीचा भाग २००७ चा, म्हणजे अंतर १८ वर्षांचे. खर्च सुमारे ६ कोटी डॉलर होता आणि जगभरातली कमाई १५ कोटींच्या आसपास झाली. तो विनोदी नाही, हे मान्य. पण दीर्घ खंडानंतर परतलेला, लहान मुलाच्या नजरेतून सांगितलेला आणि मृत्यूविषयी गांभीर्याने बोलणारा झोंबीपट याच स्टुडिओने मोठ्या पडद्यावर आणला, हे विसरता येणार नाही.

दुसरी गोष्ट अशी, की मोठ्या स्टुडिओंपैकी सोनीकडे इतरांसारखी स्वतःची मोठी प्रवाहसेवा (स्ट्रीमिंग) नाही. अमेरिकेत तिचे चित्रपट चित्रपटगृहांनंतर नेटफ्लिक्सवर जातात, तसा करार २०२१ मध्ये झाला आहे. त्यामुळे चित्रपट थेट घरच्या पडद्यावर ढकलण्याची घाई तिला नसते आणि चित्रपटगृहांनंतरचे उत्पन्न बरेचसे आधीच ठरलेले असते. मध्यम खर्चाच्या विनोदी चित्रपटासाठी ही सर्वांत अनुकूल स्थिती आहे. चौघांनी मानधनाचा काही भाग नफ्यातल्या वाट्याच्या रूपाने घेतला, तर आपण म्हणतो तो लहान चित्रपट हाच स्टुडिओलाही परवडणारा चित्रपट ठरेल. स्फोट महाग असतात आणि संवाद स्वस्त, हे इथे आपल्या बाजूने आहे.

संवादिनी

लेखकांच्या वेळेचे काय? 'डेडपूल अँड वूल्व्हरिन'च्या यशानंतर रीस आणि वर्निक यांना कामाची वानवा नसणार. दुसऱ्या भागातही डेव्ह कॅलाहॅम यांना सोबत घ्यावे लागले होते. निवेदन लिटल रॉककडे द्यायचे ठरले, तर पटकथेच्या चमूत एखादी तरुण लेखिका असणे मला अत्यावश्यक वाटते. दुसऱ्या भागात दोघी बहिणींमध्ये सलग दोन मिनिटांचाही निवांत संवाद नव्हता, आणि पहिल्या भागात कोलंबस-टॅलाहॅसी भेटण्याआधीपासून या दोघीच एकमेकींचे सर्वस्व होत्या.

चित्रवेल्हाळ

दोघी बहिणींचा मुद्दा अचूक आहे. पहिल्या भागात त्या दोघी मिळून दोन सशस्त्र पुरुषांना एकदा नव्हे, दोनदा फसवतात. लिटल रॉकला चावा बसल्याचे खोटे नाटक करून विचिटा बंदूक मिळवते, तो प्रसंग आजही तितकाच पकड घेतो. नंतर मात्र विचिटाची ओळख कोलंबसची प्रेयसी म्हणूनच अधिक राहिली आहे. एमा स्टोन यांनी मधल्या काळात 'पुअर थिंग्स'साठी दुसरे ऑस्कर मिळवले आहे. त्यांनी परत यावे असे वाटत असेल तर त्यांना करण्यासारखी भूमिका देणे भाग आहे.

वेळेबद्दल बोलायचे तर दुसऱ्या भागाचा क्रम मार्गदर्शक ठरावा. त्याची पक्की बातमी जुलै २०१८ मध्ये आली, चित्रीकरण २०१९ च्या सुरुवातीला अटलांटा परिसरात झाले आणि ऑक्टोबरमध्ये चित्रपट पडद्यावर होता. म्हणजे साधारण १५ महिने. त्या हिशोबाने ऑक्टोबर २०२९ साधायचे असेल तर जुलै २०२८ पर्यंत घोषणा झाली तरी चालेल, मात्र पटकथा त्याच्या वर्षभर आधी हाती असायला हवी. तोवर या मंडळींपैकी कोणी पटकथेचे काम सुरू झाल्याचे सांगितले, तर ती बातमी मी याच धाग्यावर देईन. २०२८ चा जुलै काहीच न घडता सरला, तर २०२९ हुकले असे समजावे लागेल, आणि मग हॅरेलसन यांच्या वयाचा प्रश्न आजच्यापेक्षा फार कठीण झालेला असेल.